कूनहाउंडची पैदास: बांधा आणि रात्रीचं काम, दोन्ही एकाच कुत्र्यात

स्मोकीकाठ

मागच्या आठवड्यात देशी कुत्र्यांच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की शोचं कुत्रं वेगळं, कामाचं कुत्रं वेगळं, दोन्ही एका अंगात मिळत नाही. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये ही फूट पडून जुनी झाली. कूनहाउंडमध्ये ती अजून पूर्ण पडलेली नाही, आणि पडू नये म्हणून झटणारी माणसं मी इथे पूर्व टेनेसीत जवळून पाहतो आहे. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कूनहाउंड म्हणजे रकूनच्या शिकारीसाठी अमेरिकेत घडवलेले, वासावर माग काढणारे कुत्रे. रकून म्हणजे इथलं एक छोटं रानजनावर: निशाचर, ओढ्याकाठचं, झाडावर सरसर चढणारं. कुत्रा अंधारात मोकळा सोडतात. माग लागला की तो तोंड उघडतो, मागावर भुंकत जातो, आणि जनावर झाडावर चढलं की बुंध्याशी ठाण मांडून मालक येईपर्यंत भुंकत राहतो. मालक लांब कुठेतरी काळोखात उभा राहून फक्त ऐकत असतो. माग लागल्याची हाक वेगळी, मागावरचा हेल वेगळा, झाड सापडल्याची लांबलचक आरोळी वेगळी आणि त्यानंतर झाडाशी सुरू होणारी तुटक, न थांबणारी भुंक वेगळी. ओळखीच्या गळ्याचा कुत्रा असेल तर माणूस जागचा न हलता सगळी हकिकत सांगतो.

जाती सहा: ब्लॅक अँड टॅन, ब्लूटिक, इंग्लिश (लाल ठिपक्यांमुळे रेडटिकही म्हणतात), रेडबोन, ट्रीइंग वॉकर आणि प्लॉट. प्लॉट जर्मन वंशाचा, नॉर्थ कॅरोलिनाचा राज्य-कुत्रा. बाकी पाचांत कमीअधिक फॉक्सहाउंडचं रक्त. टेनेसी विद्यापीठाच्या संघांचा शुभंकर कुत्रा स्मोकी हा ब्लूटिक, १९५३पासून एकामागून एक स्मोकी चालत आलेत.

आता मुद्दा. नोंदणी करणारी मुख्य संस्था युनायटेड केनेल क्लब, १८९८ची. तिच्याकडे एकाच कुत्र्याला दोन वाटा खुल्या आहेत. एक बेंच शो: कुत्र्याला बुटक्या बाकावर उभं करून पंच त्याचा बांधा पाहतो. दुसरी नाइट हंट: जास्तीत जास्त चार कुत्र्यांचा गट, साधारण दोन तास, रात्रीचं रान. स्पर्धेत रकून मारत नाहीत, फक्त झाडावर दिसला की नाही ते पाहतात. दोन्हीकडचे किताब मिळवणारा तो ड्युअल चॅम्पियन. इंडियानातल्या रिचमंडला सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सुटीत ऑटम ओक्स भरतं, तिथे दिवसा बाक आणि रात्री रान, दोन्ही एकाच ठिकाणी.

गुण कसे देतात ते नीट बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. माग लागल्यावर पहिल्या कुत्र्याला १००, मग ७५, ५०, २५. झाडाशी पहिल्याला १२५, मग ७५, ५०, २५. हे मालकाने आपल्या कुत्र्याचा गळा ओळखून पुकारायचं असतं. झाडावर रकून दिसला तर गुण जमा, झाड रिकामं निघालं तर तेवढेच वजा. ढोली असेल किंवा पानं दाट असल्याने सांगता येत नसेल तर गुणांभोवती गोल, म्हणजे ना जमा ना वजा.

यातून काय वाढतं? घाई वाढते. रकून धूर्त असतो. एका झाडावर थोडं चढतो, उडी मारून पुढे निघून जातो. जातिवंत कुत्रा पहिल्या झाडाशी आला की लगेच तोंड उघडत नाही. नाक जमिनीला लावून बुंध्याभोवती एक फेरा मारतो, मग जरा मोठा फेरा, बाहेर जाणारा माग नाही ना हे तपासतो, परत येतो, बुंध्यावर पुढचे पाय टेकून साल हुंगतो, आणि मग आरोळी देतो. या तपासणीत जेवढा वेळ जातो तेवढ्यात उतावळा कुत्रा १२५ घेऊन मोकळा होतो. उन्हाळ्यात पानं दाट असताना त्याची चूकही गोलात लपते. तसंच नाकाचं. काही तासांपूर्वीचा शिळा माग उलगडणाऱ्याला इथे थंड नाकाचा म्हणतात, ताज्या मागावरच चालणारा तो गरम नाकाचा. घड्याळ लावून दोन तासच दिलेत म्हटल्यावर शिळ्या मागावर अर्धा तास घालवणारा कुत्रा हरणारच.

याचा परिणाम जातींच्या इतिहासातच दिसतो. १९०५पासून इंग्लिश, वॉकर आणि ब्लूटिक हे तिन्ही इंग्लिश फॉक्स अँड कूनहाउंड या एकाच नावाखाली नोंदले जात. १९४५ साली वॉकरवाले वेगळे झाले, १९४६ साली ब्लूटिकवाले. ब्लूटिकवाल्यांना आपलं थंड नाक, भारदस्त गळा आणि सावकाश पण पक्कं काम सोडून वेगवान, गरम नाकाच्या कुत्र्यांच्या मागे जायचं नव्हतं. आज नाइट हंटमध्ये ट्रीइंग वॉकरचा बोलबाला आहे.

बाकाचंही तसंच. पंचाला पंजा, खांदा, पाठ, कान, रंग दिसतो. नाक, गळा, झाडाशी टिकून राहण्याची चिकाटी दिसत नाही. जे दिसत नाही त्याला गुण नाहीत, आणि ज्याला गुण नाहीत ते दोन-चार पिढ्यांत विरळ होत जातं.

माझं म्हणणं असं: पैदास करणाऱ्याने बाक किंवा नाइट हंट यांपैकी कुणाच्याही मोजपट्टीवर आपली निवड सोपवू नये. किताब बघावा, पण स्वतःची नोंदवही ठेवावी आणि जोडी त्या वहीवरून ठरवावी. आमच्या शेजारच्या डोंगरात एक आजोबा अनेक दशकं ब्लूटिक पाळतात. त्यांच्या वहीत प्रत्येक कुत्र्याच्या नावाखाली किती झाडं, त्यांत रकून किती वेळा दिसला, किती रिकामी, हरणाच्या मागे गेला का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंजे कसे होते, एवढंच असतं. ती शेवटची नोंद मला फार मोलाची वाटते. बांधा आणि काम तिथे एकत्र येतात.

ओहायोकर

धागा आवडला, वाचनखूण साठवली. आम्ही शेल्टरमधून एक ट्रीइंग वॉकर आणलाय. फार प्रेमळ, मुलांशी छान. पण खारीला बघून झाडाखाली जो सुरू होतो तो तासभर थांबत नाही. शेजारी दोनदा बोलून गेले. शोच्या वंशातलं पिल्लू घेतलं असतं तर शांत निघालं असतं का?

स्मोकीकाठ

ओहायोकर, थोडा फरक पडतो, पण भरवसा नको. झाड बघून भुंकणं या कुत्र्यांच्या हाडीमाशी खिळलंय. चांगल्या वेतातली पिल्लं तीन-चार महिन्यांची असतानाच बुंध्यावर पाय टेकून ओरडायला लागतात, कुणी शिकवावं लागत नाही. त्याला रोज लांब दोरीवर वासाचं काम द्या. घरामागे खाऊ ओढत नेऊन माग तयार करा, शेवटी एखादी वस्तू लपवा. नाक दमलं की गळा बराच गप्प बसतो. टाउनहाऊसमध्ये राहणाऱ्यांनी मात्र कूनहाउंडच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

केंटकीवाला

लेख चांगला, पण नाइट हंटला जरा जास्तच झोडपलंय. मी इथल्या क्लबांच्या हंटला नियमित जातो, म्हणून लिहितो.

एक, १९८०च्या दशकाच्या अखेरीस केसाळ कातड्यांचा बाजार कोसळला. त्याआधी रकूनच्या कातड्याला चांगला पैसा होता, म्हणून माणसं कुत्रे पाळत. पैसा गेल्यावर हे कुत्रे टिकले ते स्पर्धांमुळे. दोन, रिकाम्या झाडाला वजा गुण आहेतच. सतत खोटं बोलणारा कुत्रा मोठ्या हंटमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचत नाही. तीन, थंड नाकाचं कौतुक ऐकायला छान, पण एका शिळ्या मागावर तासभर घोळणाऱ्या कुत्र्याबरोबर जानेवारीच्या थंडीत उभं राहून बघा. ज्याला झेपतो तोच माग घ्यायचा, नसेल तर सोडून पुढे जायचं, हीसुद्धा अक्कलच आहे.

आणि बांध्याबद्दल: मी पाहिलेल्या उत्तम कुत्र्यांत काही दिसायला अगदी सुमार होते. आखूड कान, पाठ खाली झुकलेली. पण रात्री तोड नव्हती.

स्मोकीकाठ

केंटकीवाला, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. स्पर्धा नसत्या तर निम्म्या वंशावळी कधीच संपल्या असत्या. माग सोडून देण्याची अक्कल हाही मोठा गुण आहे, तो मी लिहायला हवा होता.

पण वजा गुणांबद्दल मला पटत नाही. उन्हाळी हंटमध्ये गोलातली झाडं किती असतात ते तुम्हीच बघता. त्या कुत्र्याची खरी परीक्षा पानगळीनंतर होते, तोवर त्याच्यावर माद्या लावून झालेल्या असतात.

बांध्याबद्दल जरा फोड करून लिहितो. जातीच्या वर्णनातल्या सगळ्या गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत. काही कामातून आल्यात, काही डोळ्याला बऱ्या वाटतात म्हणून आल्यात. आखूड कान म्हणजे कामात दोष नव्हे. ब्लॅक अँड टॅनच्या एकेसी (अमेरिकन केनेल क्लब) वर्णनात कान नाकाच्या टोकाच्या पुढे जावेत असं आहे. पण काटेरी वेलींच्या रानात लांब कानांच्या कडा सतत फाटतात. लोंबणाऱ्या खालच्या पापणीत गवताची कुसळं अडकतात.

पंजा मात्र अजिबात सोडू नये. बोटं घट्ट आवळलेली, कमानदार, गादी जाड. पसरट पंजाच्या कुत्र्याच्या बोटांमध्ये चिखल आणि खडी भरते, मधली कातडी चिरते, आणि दुसऱ्या तासाला तो पाय उचलायला लागतो. जीपीएस पट्ट्यावर एका रात्रीत पंधरा-वीस किलोमीटर दिसणं इथे नवलाचं नाही. खांदा उभा असेल तर उतारावर प्रत्येक उडीचा हादरा थेट पुढच्या पायात बसतो. सहाव्या-सातव्या वर्षी असे कुत्रे आखडतात, म्हणजे अनुभवाने सर्वात शहाणे झाले त्याच वयात. छाती खोल हवी पण पिंपासारखी गोल नको, नाहीतर कोपर घासतं. शेपटी कशी धरतो याने रकूनला काही फरक पडत नाही.

तुम्ही सांगितलेला सुमार दिसणारा कुत्रा मी आनंदाने पैदाशीला घेईन, पंजा आणि खांदा ठीक असेल तर. झुकलेली पाठ कशामुळे आहे ते मात्र आधी तपासून.

मृगनक्षत्र

विषय नवीन आणि लिखाण मनापासून आहे, पण एक प्रश्न टोचतोय. रात्रभर एका छोट्या जनावराला घाबरवून झाडावर चढवायचं, हे कशासाठी? मारत नसले तरी.

स्मोकीकाठ

मृगनक्षत्र, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. रकूनला ताण होतो, हे खरंच. स्पर्धेबाहेर, हंगामात, परवाना घेऊन रकून मारतातही, कायद्याने ते चालतं. मका आणि कोंबड्या राखणारे शेतकरी शिकाऱ्यांना स्वतःहून बोलावतात. मी स्वतः बंदूक घेऊन जात नाही, कुत्र्यांचं काम बघायला जातो. ज्यांना हे सगळंच नको वाटतं त्यांच्याशी माझा वाद नाही. पण काम पूर्ण काढून घेऊन फक्त रूप ठेवलं तर या कुत्र्याचं काय उरेल, ही माझी काळजी खरी आहे.

पशुवैद्य_सातारा

वैद्यकीय बाजूने थोडी भर घालतो.

अंगाची मापं, उंची, रंग यांवर वंशाचा ठसा तुलनेने ठळक असतो आणि निवडीने ते लवकर बदलतात. शिकारीचं काम हे अनेक गुणांचं मिश्रण, त्यात वातावरण आणि शिकवणीचा वाटा मोठा. म्हणून एका चमकदार नरावरून पिल्लांचा अंदाज बांधणं धोक्याचं. त्याची सख्खी भावंडं कशी निघाली, आधीच्या पिल्लांपैकी किती कामाला लागली, हे एका किताबापेक्षा जास्त सांगतं.

दुसरं म्हणजे लोकप्रिय नर. एक कुत्रा मोठी स्पर्धा जिंकतो, साठवलेलं वीर्य देशभर जातं, आणि थोड्याच वर्षांत प्रत्येक वंशावळीत तोच दिसतो. त्याच्यात लपलेला दोष असेल तर तो दोन्ही बाजूंनी भेटायला लागतो. गोठवलेलं वीर्य वाईट नाही, उलट नर म्हातारा होऊन त्याची सांधे-डोळ्यांची खरी परीक्षा झाल्यावर वापरता येतं, हा त्याचा खरा उपयोग. खुब्यांचे एक्स-रे दोन वर्षांनंतर काढून अधिकृत श्रेणी घ्या, त्याआधी मादी लावू नका.

तिसरं, या कुत्र्यांच्या नावानेच ओळखला जाणारा कूनहाउंड पॅरालिसिस. रकून चावल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत मागचे पाय लुळे पडतात, मग पुढचे. आवाजही बसतो. शुद्ध असते, वेदना जाणवते, बहुतेकदा शेपटीही हलते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, माणसांतल्या गियाँ-बारे आजारासारखं. बहुतेक कुत्रे बरे होतात, पण आठवडे, कधी महिने लागतात, आणि तोवर कूस बदलणं, हाताने भरवणं हे सगळं माणसाला करावं लागतं. एकदा झालेल्याला पुन्हा होऊ शकतो, त्यामुळे अशा कुत्र्याला परत रानात सोडताना शंभरदा विचार करा. हाच प्रकार रकूनचा संबंध न आलेल्या कुत्र्यांतही दिसतो, म्हणजे आपल्याकडेही.

बालाघाट

दादा, धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडं लातूर-धाराशिव भागात कारवानी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमच्या घरी आज्यापासून. तुमचं कुत्रं नाकावर चालतं, आमचं डोळ्यावर, पण रडगाणं एकच. पूर्वी नर निवडायचा म्हणजे माळावर पळवून बघायचा. १९७२च्या कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं, ससा-काळवीट राहिलं पाहिजे. पण मग आता नर कशावर निवडायचा? शोला जाणारे लोक उंची बघतात, बारीक कंबर बघतात, रंग बघतात. उंच उंच करायच्या नादात पाय काटक्यासारखे झालेत. केनेल क्लब ऑफ इंडियात कॅरव्हान हाउंड नावानं नोंद होते, मुधोळ म्हणूनही ओळखतात, २००५ला पोस्टाचं तिकीट निघालं, सैन्यानं घेतली. नाव मोठं झालं तशी पिल्लाची किंमत वाढली, आणि रस्त्याकडेला पिल्लं विकणारे वाढले. चोरून सशामागं सोडणारे पण आहेत, ते तर जेलमध्येच गेले पाहिजेत.

शिकार न करता काम कसं जोखायचं, ते सांगा.

स्मोकीकाठ

बालाघाट, तुमच्या प्रतिसादासाठी खरंच आभार. कारवानी कुत्र्याला मी पाहुणा म्हणून बघितलंय, तुम्ही घरचे आहात, तेव्हा माझं चुकलं तर सांगा.

डोळ्यावर चालणाऱ्या कुत्र्यांसाठी इकडे लुअर कोर्सिंग असतं. मोकळ्या मैदानात कप्प्यांवरून दोर फिरवतात, मोटरवर तो ओढला जातो, दोराला पांढरी प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. वळणं अशी ठेवतात की सशासारखी दिशा बदलते. जनावर कुठेच नाही. वेग, चपळाई, दम, मागे लागण्याची ओढ आणि कोपरा कापून न जाता इमानाने पाठलाग करणं, हे सगळं दिसतं. सुगीनंतरच्या मोकळ्या रानात, जमीन मालकाच्या परवानगीने, हे उभं करणं अवघड नाही. वळणाची जागा दगडाळ नको, आणि उन्हाळ्यात पहाटेच घ्या.

पण वेगाचा आकडा एवढाच निकष धरू नका, नाहीतर आमच्या घाईसारखं तुमच्याकडे होईल. पळून झाल्यावर दहा मिनिटांनी श्वास किती खाली आला, दुसऱ्या फेरीत पहिल्याइतका पळाला का, आणि दुसऱ्या दिवशी पाय कसे आहेत हे लिहा.

बालाघाट

हे जमण्यासारखं आहे. गावात चार-पाच जणांकडं चांगल्या माद्या आहेत, दिवाळीनंतर करून बघतो. अजून एक विचारतो. माझ्याकडं एक मादी आहे, पळायला एक नंबर, समजूतदार, पण पंजे पसरट. तिला घट्ट पंजाचा नर लावला की पिल्लं मधली निघतील का?

पशुवैद्य_सातारा

मधलीच निघतील असं नाही. काही आईसारखी, काही बापासारखी, काही मधली. आधी तिचं वजन आणि नखं बघा. नखं वाढून जमिनीला टेकत असतील, किंवा ती गुळगुळीत फरशीवर वाढली असेल, तर पंजा त्यानेही पसरतो. तिच्या भावंडांचे पंजे पाहा. त्यांचेही तसेच असतील तर मग वंशातलं आहे.

स्मोकीकाठ

डॉक्टरांशी सहमत. त्यात एक भर: फक्त तो नर नको, त्याचे आईबाप आणि भावंडं सगळे घट्ट पंजाचे असलेला नर शोधा, आणि तो पळण्यात तुमच्या मादीच्या जवळपासचा हवा. नुसता पंजा बघून मंद नर लावलात तर एक दोष काढताना दुसरा घरात घ्याल. पिल्लं कच्च्या जमिनीवर वाढवा. आठ आठवड्यांना सगळ्यांच्या पंजांचे फोटो काढा, वर्षाने पुन्हा काढा, आणि जी विकाल त्यांच्या मालकांकडूनही मागवा. ठेवायची मादी दीड-दोन वर्षांची होऊन पळून दाखवेपर्यंत निवडू नका. फोटो इथे टाकलेत तर केंटकीवाला आणि मी दोघंही बघू.

केंटकीवाला

नक्की टाका. मी त्याच वयाच्या वॉकरच्या पंजांचे टाकतो, तुलना करता येईल.